मणक्याच्या ऑपरेशननंतर नस आत चिकटू नये म्हणून: बाजेपासून वावरापर्यंतचे टप्पे

तालुक्याच्या गावी मी फिजिओथेरपीचं काम करते. कमरेच्या मणक्याचं ऑपरेशन करून आलेले लोक माझ्याकडे साधारण दोन तऱ्हेचे येतात. एक तऱ्हा दीड महिना बाजेवरून न उठलेल्यांची. "पडून राह्य म्हणलं सगळ्यायनं, टाके तुटन म्हणे." दुसरी तऱ्हा तिसऱ्याच आठवड्यात पऱ्हाटीत कापूस वेचायला उभी राहिलेल्यांची, कारण पायातली कळ गेली म्हणजे माणूस बरा झाला असं घरादाराने धरलेलं असतं. दोघांची तक्रार शेवटी एकच निघते: नस आतून ओढते.

पुढचं सगळं कमरेतल्या सरकलेल्या गादीचा तुकडा काढलेल्यांसाठी किंवा दबलेली नस मोकळी केलेल्यांसाठी आहे. स्क्रू-रॉड टाकून मणके जोडले असतील तर क्रम हाच राहतो, पण मुदती लांबतात, वाकण्याची मनाई बऱ्याचदा तीन महिने किंवा त्याहून जास्त असते. मानेच्या किंवा पाठीच्या वरच्या भागाच्या ऑपरेशनला हा लेख लावू नका. आणि तुमच्या सर्जनने कार्डावर वेगळं लिहिलं असेल तर कार्डच खरं माना.

आधी एवढं समजून घ्या

जिथे चिरलं तिथे शरीर वण बांधणारच. कातडीवर दिसतो तसाच वण खाली स्नायूंत बांधला जातो आणि त्याच्याही खाली, नसेच्या भोवती. हा आतला वण जवळपास प्रत्येकाला होतो, आणि बहुतेकांना तो त्रास देत नाही. त्रास तेव्हा होतो, जेव्हा वण आखूड आणि कडक बांधला जातो आणि पाय सरळ करताना जी नस थोडी सरकायला हवी ती जागच्या जागी धरून ठेवतो.

म्हणून "वण होऊच नये" असं औषध, तेल किंवा लेप कुणी विकत असेल तर पैसे खिशात ठेवा. वण होऊ न देणं आपल्या हातात नाही. तो लवचीक बांधला जावा म्हणून बरंच काही करता येतं.

वेळेचा हिशेब असा. पहिले चार-पाच दिवस सूज. त्यानंतर साधारण सहा आठवड्यांपर्यंत शरीर वणाचे धागे भराभर टाकतं, आडवेतिडवे, कसेही. मग वर्षभर किंवा जास्त काळ त्याच धाग्यांची फेरमांडणी चालते, आणि ज्या दिशेने रोज हळूहळू ताण पडतो त्या दिशेने ते लागत जातात. पाटाला रोज थोडं पाणी सुटलं तर गाळ बसतो पण त्याचं ढेकूळ होत नाही, तसंच. एकदम धरण फोडल्यासारखं पाणी सोडलं तर मात्र काठच वाहून जातो. पडून राहणारा पाट कोरडा ठेवतो आणि घाईने वावरात जाणारा काठ फोडतो.

टप्पा १: ऑपरेशनच्या आधीचे चार आठवडे

लोक ही तयारी ऑपरेशन झाल्यावर करायला घेतात. तेव्हा घरात धावपळ असते आणि काहीच धड होत नाही.

१. खर्रा बंद. विडी, सिगारेट, तंबाखू, सगळंच बंद, पण आपल्याकडे खरा प्रश्न खर्ऱ्याचा आहे. "विडी केव्हाचीच सोडली ना मॅडम," असं सांगणाऱ्याच्या गालात त्याच वेळी खर्रा असतो. तंबाखूतलं निकोटिन बारीक रक्तवाहिन्या आकसून टाकतं, जखमेला रक्त आणि प्राणवायू कमी मिळतो, ती उशिरा भरते, पू होण्याचा धोका वाढतो. निकोटिन धुरातून गेलं काय आणि गालातून गेलं काय, जखमेला सारखंच. ऑपरेशनआधी किमान चार आठवडे आणि नंतर किमान सहा आठवडे बंद ठेवायचा. पन्नी घोटून आणून देणाऱ्या मित्रालाही हे सांगून ठेवा, तोच पहिल्या दिवशी भेटायला येतो.

२. साखर. मधुमेह असेल तर तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी करून घ्या आणि आकडा सर्जनला दाखवा. मधुमेह कधी तपासलाच नसेल तर आता तपासा. वाढलेल्या साखरेत जखम रेंगाळते.

३. चालू औषधांची यादी. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या हृदयासाठी चालू असतील तर त्या लपवू नका आणि स्वतःहून बंदही करू नका. कधी थांबवायच्या ते सर्जन आणि हृदयाचे डॉक्टर ठरवतील. ऑपरेशनच्या जागी साचलेलं रक्त पुढे वणाचाच कच्चा माल होतं, म्हणून हे महत्त्वाचं. सांधेदुखीच्या पुड्या घेत असाल तर त्याही सांगा. कित्येक पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं असतं.

४. झोपण्याची जागा. सैल बाज झोळीसारखी खोल जाते आणि उठताना कंबर दुमडते. तखत किंवा दिवाण असेल तर उत्तम. नसेल तर बाज कसून घ्या, वर लाकडी फळी आणि तिच्यावर कापसाची घट्ट गादी टाका. उंची गुडघ्याएवढी हवी. कमी असेल तर पायांखाली विटा लावा आणि बाज डुगडुगत नाही ना, हे घरातल्या धडधाकट माणसाला बसवून बघा.

५. संडास. पहिले सहा आठवडे उकिडवं बसायचं नाही. भारतीय भांड्यावर ठेवायची कमोड खुर्ची मेडिकलवाल्याकडे मिळते, गावातला वेल्डरही भोक असलेलं लोखंडी स्टूल करून देतो. या एका वस्तूविना पेशंट पाणी कमी पितात, संडास टाळतात, मग कुंथतात आणि कमरेत कळ घेऊन परत येतात.

६. रोजच्या वस्तू कमरेच्या उंचीवर. तांब्या, औषधं, चार्जर, चष्मा, चप्पल. चप्पल मागे पट्टा असलेली घ्या, नुसती सपाता पायातून निसटते.

सर्जनला विचारायचे प्रश्न कागदावर लिहून न्या: नेमकं कोणत्या मणक्याचं, काय केलं? नसेवरचं आवरण फाटून शिवावं लागलं का? कधीपासून चालायचं? वाकायला, बसायला, वजनाला किती दिवस मनाई? पट्टा किती दिवस? टाके कधी काढायचे? उत्तरं डिस्चार्ज कार्डावर लिहून मागा. फुले जन आरोग्य योजनेतून ऑपरेशन होत असेल तर पुन्हा दाखवायला यायचं आणि फिजिओथेरपीचं काय, हे तिथल्या आरोग्यमित्राला सुट्टीआधीच विचारा.

टप्पा २: दवाखान्यातले दिवस

शुद्धीवर आल्यापासून दर तासाला पायाचे पंजे वर-खाली, वीस वेळा. पायात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून हे आहेच, पण पंजा हलला की मांडीमागून जाणारी नसही किंचित सरकते. वण अजून बांधला गेलेला नाही, तेव्हाच हे सरकणं सुरू करायचं.

कुशीवर होऊन उठणं इथेच शिका. आयुष्यभर उपयोगी पडेल.

१. उताणं असताना दोन्ही गुडघे वाकवा.
२. खांदे, कंबर, गुडघे एकाच वेळी वळवून कुशीवर व्हा. ओंडका लोटल्यासारखं. आधी खांदे आणि मागून कंबर असं नको, त्यात पीळ पडतो.
३. पाय पलंगाच्या काठाखाली सोडा आणि त्याच वेळी खालच्या कोपराने व वरच्या तळहाताने रेटून बसते व्हा.
४. मिनिटभर बसा. चक्कर नाही ना बघा. मग मांड्यांच्या जोरावर उभे राहा.

सोबतचा माणूस हात धरून ओढतो, ही नेहमीची चूक. हात ओढला की कंबर मुरडते. त्याने फक्त बाजूला उभं राहायचं.

बहुतेक ठिकाणी त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी उभं करतात. उभं करायला कुणी आलं नाही तर "मला कधी चालायचंय?" हे तुम्हीच विचारा. फक्त नसेचं आवरण शिवलेलं असेल तर काही काळ मुद्दाम झोपवून ठेवतात. तिथे घाई करू नका.

घरी परतताना: नागपूर किंवा सेवाग्रामहून यवतमाळ-गडचिरोलीच्या आतल्या गावी यायचं म्हणजे तीन-चार तास जातात. एसटीची मागची सीट नको, दुचाकी तर नकोच. गाडीत पुढच्या सीटवर, पाठ थोडी मागे रेलून, कमरेमागे टॉवेलची गुंडाळी ठेवून बसा. दर पाऊण तासाला उतरून पाच मिनिटं चाला. गावाजवळच्या खड्ड्यांच्या रस्त्यावर ड्रायव्हरला आधीच सांगा. घर दिसलं की तो वेग वाढवतो.

टप्पा ३: पहिले दोन आठवडे

दोनच कामं. जखम कोरडी ठेवणं आणि थोडं-थोडं चालणं.

जखम

पट्टी डॉक्टर सांगतील तेव्हाच बदला, हात साबणाने धुऊन. हळद, राख, खोबरेल, कुठलीही पावडर जखमेवर टाकू नका. हळद दुधात घ्या हवी तर. मे महिन्यात घामाने पट्टी ओली होते. सैल सुती कपडा, पंखा किंवा कूलर आणि ओली झाली की लगेच बदललेली पट्टी, एवढं पुरे. पण कूलरची हवा थेट पाठीवर घेऊन साचलेल्या पाण्याचे शिंतोडे जखमेवर घेत झोपू नका. कंबरेचा पट्टा उघड्या अंगावर बांधायचा नाही, आत बनियान हवा. पट्ट्याने वण थांबतो असं मात्र समजू नका. तो सांगितलेल्या दिवसांपुरता, आठवण म्हणून.

टाके साधारण १० ते १४ दिवसांनी निघतात. टाके निघाले म्हणजे जखम पक्की झाली असं नाही. कातडी वरून मिटलेली असते, पण तिसऱ्या आठवड्यात तिचा जोर मूळ कातडीच्या पाव हिश्श्याच्या आसपासच असतो.

चालणं

एका दमात अर्धा तास चालून दिवसभर पडणं चूक. पाच मिनिटं, दिवसातून पाच-सहा वेळा, हे बरोबर. दर दोन-तीन दिवसांनी प्रत्येक फेरीत दोन मिनिटं वाढवा. उन्हाळ्यात सकाळी आठच्या आत आणि संध्याकाळी ऊन उतरल्यावर, दुपारच्या फेऱ्या घरातल्या घरात. पावसाळ्यात काळ्या मातीच्या रस्त्यावर अजिबात नको; चिखलात पाय घसरला की सावरताना जो हिसका बसतो तोच वाईट. शाळेचा व्हरांडा, मंदिराचा सभामंडप, कुठलीही कोरडी फरशी चालेल. माझी एक पेशंट ओसरीतल्या दोन खांबांमध्ये फेऱ्या मारायची आणि दर फेरीला तुरीचा एक दाणा वाटीत टाकायची. आठवड्याने मला वाटी दाखवली. मी वहीत लिहायला सांगितलं होतं, पण वाटी जास्त खरी होती.

बसणं एका वेळी वीस-तीस मिनिटांपेक्षा जास्त नको. जेवणही खुर्चीवर, पंगतीत मांडी घालून नाही. भेटायला आलेल्या पाहुण्यांसमोर दोन तास ताटकळत बसणं ही या टप्प्यातली सर्वांत सभ्य चूक आहे. "मी आडवा होतो," म्हणा आणि व्हा.

खाणं

वणाचे धागे प्रथिनांचे असतात. ऑपरेशननंतरच्या काळात वजनाच्या दर किलोमागे सव्वा ते दीड ग्रॅम प्रथिनं धरतात, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ७५ ते ९० ग्रॅम. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हे डॉक्टरांना विचारूनच. कच्च्या तूरडाळीत १०० ग्रॅममागे सुमारे २२ ग्रॅम, शेंगदाण्यात २५, सोयाबीनच्या वड्यांत ५०, आणि एका अंड्यात ६ ग्रॅम. पातळ वरण आणि भात यावर ही बेरीज जमत नाही. घट्ट वरण, झुणका, उसळ, अंडी, दूध-दही वाढवा. पंधरा दिवस "पथ्य" म्हणून रोग्याला फक्त साबुदाणा आणि मुगाच्या डाळीचं पाणी देणारी घरं मी पाहिली आहेत. जखम भरायला लागणारा मालच तिथे पोचत नाही. दुखण्याच्या काही गोळ्यांनी संडास घट्ट होते, म्हणून पाणी भरपूर, आणि लागलंच तर इसबगोल.

इथे थांबा, हे तपासा. खालीलपैकी काहीही झालं तर वाट पाहू नका. लघवी अडणं किंवा नकळत होणं, संडासवरचा ताबा जाणं, बैठकीची जागा बधिर होणं, पंजा अचानक लुळा पडणं: याच दिवशी, याच तासाला दवाखाना, १०८ बोलवा. जखमेतून पू, वाढती लाली किंवा १००.४ च्या वर ताप: त्याच दिवशी सर्जनला फोन. जखमेतून पाण्यासारखा स्वच्छ स्राव आणि बसलं की डोकं फुटेल असं दुखणं, आडवं झालं की कमी: आवरणातून पाणी गळत असू शकतं, आडवं राहून फोन करा. एकाच पोटरीला सूज आणि दुखणं: गुठळी असू शकते, चोळू नका, त्याच दिवशी दाखवा. धाप किंवा छातीत दुखणं सुरू झालं तर १०८.

टप्पा ४: तिसरा ते सहावा आठवडा, नस सरकती ठेवणं

टाके निघाले, जखम कोरडी आहे, सर्जनने हरकत घेतली नाही, तर हे सुरू करा.

१. तखतावर उताणं झोपा. एक गुडघा वाकवून पाऊल टेकलेलं ठेवा.
२. दुसरी मांडी छातीकडे उचला, सरळ उभी होईपर्यंत. मांडीमागे टॉवेल किंवा दुपट्टा अडकवून दोन्ही हातांनी धरा.
३. आता गुडघा हळूहळू सरळ करत पाऊल छताकडे न्या. मांडीमागे किंवा पोटरीत पहिली बारीक ओढ लागली की तिथेच थांबा.
४. थांबून राहू नका. लगेच गुडघा पुन्हा वाकवा. पंजा सैल.
५. असं दहा वेळा, दिवसातून दोन-तीनदा. दोन्ही पायांनी.

क्रमांक ४ वर लोक चुकतात. ओढ लागली की "लागू दे, मोकळी होईल" म्हणून दात-ओठ खाऊन धरून ठेवतात, किंवा मुलाला पाय वर रेटायला सांगतात. नस म्हणजे स्नायू नव्हे. धरून ताणली की ती चिडते. तिला ताणायचं नाही, सरकवायचं आहे.

मोजमाप सोपं आहे. ओढ पाय खाली ठेवताच गेली पाहिजे. मुंग्या अर्ध्या तासानंतरही राहिल्या, किंवा दुसऱ्या दिवशी पाय जास्त दुखला, तर संख्या निम्मी करा. तरीही तसंच असेल तर बंद करून दाखवा.

खरं सांगायचं तर या व्यायामाचा गाजावाजा त्याच्या कामापेक्षा मोठा आहे. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ऑस्ट्रेलियन अभ्यासात मणक्याच्या ऑपरेशननंतर नेहमीच्या उपचारांत नस सरकवण्याचे व्यायाम जोडून पाहिले, तेव्हा वर्षभराने जास्तीचा फायदा दिसला नाही. मी तो तरीही शिकवते, कारण नीट केला तर अपाय नाही आणि पाय सरळ करायची भीती जाते. पण चालणं सोडून फक्त हाच करणार असाल तर उलटा सौदा आहे.

सोबत पोट हलकं आत घेऊन दहा मोजणं, आणि गुडघे वाकवून कंबर किंचित उचलणं. हे दोन व्यायाम एकदा कुणाकडून तरी बघून शिका, वाचून नाही.

टप्पा ५: कातडीवरचा वण मोकळा करणं

आधी गैरसमज. बाहेरून केलेली मालिश कातडी, तिच्याखालची चरबी आणि वरचा पडदा इथपर्यंतच पोचते. हाडाआड असलेल्या नसेभोवतीच्या वणापर्यंत कुठलंही बोट पोचत नाही. तरीही ती करण्यासारखी आहे, कारण वरचा वण खाली चिकटला की वाकताना तिथे कातडी ओढते आणि माणूस वाकणंच टाळू लागतो.

कधी? खपली पूर्ण पडलेली, कुठेही ओल नाही, टाके काढून किमान दोन आठवडे झालेले. म्हणजे साधारण चौथ्या-पाचव्या आठवड्यानंतर, सर्जनला दाखवून.

आपल्याच कमरेवर हात नीट पोचत नाही, म्हणून दुसऱ्या माणसाला शिकवा. नखं कापलेली, हात धुतलेले. पेशंट कुशीवर किंवा पोटाखाली उशी घेऊन पालथा.

१. व्हॅसलीन किंवा खोबरेल, बोटाच्या टोकावर मावेल एवढंच. तेल जास्त झालं की बोट कातडीवरून घसरतं. आपल्याला बोटासोबत कातडी हलवायची आहे.
२. दोन बोटं वणाच्या शेजारी ठेवा, वणावर नाही. नखाचा रंग फिका पडेल इतपत दाब. कातडी वर, खाली, डावीकडे, उजवीकडे सरकवा. कुठे अडते ते लक्षात ठेवा.
३. मग वणावर छोटे गोल, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.
४. अडलेल्या जागी जास्त वेळ द्या, जास्त जोर नाही.
५. आठवड्याभराने जमलं तर चिमटीत कातडी हलकेच उचलून वणाच्या लांबीने लाटत न्या.

पाच मिनिटं, दिवसातून दोनदा. नंतर वण गुलाबी दिसेल, थोड्या वेळात निवेल. लाल राहिला, फोड आला, ओल आली तर थांबा.

मालिश म्हटलं की गावात हाडवैद्य, पहिलवान आठवतो. त्याला या कमरेला हात लावू देऊ नका. बिब्बा लावणं, डाग देणं, भाजलेली वीट कापडात गुंडाळून शेकणं, तिन्ही बंद. ऑपरेशननंतर पायाचा किंवा कमरेचा काही भाग बधिर असतो, चटका कळत नाही. भाजलेली कातडी माझ्यासमोर आली आहे ती "फक्त कोमट होती" असं म्हणतच.

वण उंच, टणक, खाजरा होऊ लागला तर मालिश वाढवू नका, कातडीच्या डॉक्टरांना दाखवा. त्यासाठी सिलिकॉनची पट्टी मिळते. उघड्या अंगाने उन्हात काम करताना नवा वण झाकून ठेवा, नाहीतर काळा पडतो.

टप्पा ६: वावरात परत जाणं

इथेच सगळं बिघडतं, आणि त्यात आळशीपणा नसतो, उलट गरज असते. सोयाबीनची सोंगणी तुमच्या सहा आठवड्यांसाठी थांबत नाही. म्हणून शक्य असेल तेव्हा ऑपरेशनची तारीखच हंगाम बघून घ्या, आणि नाही जमलं तर मजूर किंवा सावड आधी ठरवा. पण नसेचा जोर जात असताना डॉक्टर लगेच म्हणाले असतील तर हंगाम बघायचा नाही.

सहा आठवड्यांपर्यंत हातात दोन-तीन किलोच्या वर काही नको. भरलेली पाण्याची गुंडी पंधरा किलोच्या घरात जाते, ती नाहीच. त्यानंतर, सर्जनने पाहून हो म्हटल्यावर, कामं या क्रमाने घ्या:

आधी उभ्याने होणारी: ढोरांना चारा टाकणं (पेंढी छोटी करून), मोटार चालू-बंद, धुऱ्यावरून फेरी, मजुरांवर देखरेख.

आठव्या आठवड्यापासून, अर्धा दिवस: उंच झाडावरची संत्री-लिंबू तोडणं, निवडणं-पाखडणं टेबलावर ठेवून, हलकं झाडणं लांब दांड्याच्या झाडूने.

तीन महिन्यांनंतर: कापूस वेचणं, निंदण, डवरणी, ट्रॅक्टर. वेचणीत कमरेला बांधलेली ओटी पुढे ओढते, शिवाय सतत वाकणं असतं, म्हणून ओटी दोन-तीन किलोची झाली की रिकामी करायची, आणि दर वीस मिनिटांनी ताठ उभं राहून दोन्ही हात कमरेवर ठेवत हळूच मागे झुकायचं. बैलबंडीत बसणं या टप्प्यातही शेवटी. तिचा हिसका ट्रॅक्टरपेक्षा वाईट.

सर्वांत शेवटी: पाठीवरचा फवारणी पंप. सोळा लिटरचा भरलेला पंप वीस किलोच्या आसपास जातो, आणि तो जमिनीवरून पाठीवर घेतानाचा पीळ त्याहून धोक्याचा. घ्यायचाच तर बंडीच्या काठावर किंवा ओट्यावर ठेवून, अर्धा भरून.

घरातल्या बायांना हे सगळं सांगणारं कुणी नसतं. पुरुषाला तीन महिने सूट मिळते, बाईला पंधरा दिवस. सडा, खाली बसून भांडी, चुलीपुढे वाकणं, लेकरू कडेवर: हेही वजन आणि वाकणंच आहे. माझ्याकडे सुनेला घेऊन आलेल्या एका सासूबाईंना मी घरातली भरलेली गुंडी उचलून वजनकाट्यावर ठेवायला सांगितली. काटा बघून त्याच म्हणाल्या, "राहू दे बाई, नातू भरन पाणी."

तरीही नस ओढत असेल तर

काही आठवडे बरं वाटून मग पायात पुन्हा कळ आली, तर कारण वणच असेल असं नाही. गादीचा दुसरा तुकडा सरकलेला असू शकतो, आणि दोघांचा उपाय वेगळा. साधारणपणे वणाची ओढ हळूहळू वाढत जाते आणि सकाळी किंवा बराच वेळ बसून उठल्यावर जास्त जाणवते. नव्याने सरकलेली गादी बऱ्याचदा एखाद्या दिवशी, एखाद्या वजनाने, अचानक दुखवते. पण हा फक्त अंदाज. खात्रीसाठी शिरेतून रंगद्रव्य देऊन एमआरआय करतात. वणात रक्तवाहिन्या असल्याने तो उजळून दिसतो, गादीचा तुकडा मधोमध सहसा उजळत नाही. साध्या एमआरआयवर हा फरक सुटू शकतो. म्हणून दुसऱ्यांदा फोटो काढायचा असेल तर "रंगद्रव्य देऊन लागेल का?" हे सर्जनला विचारा. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर तो आधी सांगा.

आणि रिपोर्टात "वण दिसतो" असं लिहून आलं म्हणून घाबरून दुसऱ्या ऑपरेशनच्या मागे लागू नका. ऑपरेशन झालेल्या जवळपास प्रत्येकाच्या रिपोर्टात ते असतंच. फक्त वण काढण्यासाठी पुन्हा उघडलं तर तिथे पुन्हा वणच बांधला जातो.

दरम्यान गावातल्या दवाखान्यात "ताकदीची सुई" घेऊ नका. अशा सुईत अनेकदा स्टेरॉइड असतं, साखर चढते, जखम मागे पडते. दुखण्याच्या गोळ्याही मेडिकलमधून आपल्या मनाने महिनोन् महिने नको, उन्हाळ्यात पाणी कमी पडलेल्या अंगात त्या मूत्रपिंडाला जड जातात.

पुढच्या तपासणीला जाताना पिशवीत एवढं असू द्या: डिस्चार्ज कार्ड, जुन्या-नव्या फिल्म, चालू गोळ्यांची पाकिटं, आणि एका कागदावर तीन ओळी. सलग किती मिनिटं चालता येतं, किती वेळ बसता येतं, कळ पायात कुठपर्यंत जाते. ओपीडीत डॉक्टरांना दोन मिनिटं मिळतात. "लय दुखते" या उत्तरापेक्षा त्या तीन ओळींवरून ते जास्त ठरवू शकतात.